‘स्वतःच्या वॉलेटमध्ये ठेवा’ हा सल्ला अर्धाच आहे

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

१८ जुलै २०२४ रोजी वझीरएक्स या क्रिप्टो खरेदी-विक्रीच्या एक्स्चेंजमधून सुमारे २३ कोटी डॉलरची क्रिप्टो मालमत्ता चोरीला गेली. तेव्हापासून अर्थविषयक सदरांत एक सल्ला पुन्हा पुन्हा दिसतो: क्रिप्टो एक्स्चेंजवर ठेवू नका, स्वतःच्या वॉलेटमध्ये ठेवा. सल्ला बरोबर आहे, पण तो तिथेच थांबतो. एक्स्चेंजचा धोका टाळायला निघालेला माणूस बनावट सॉफ्टवेअर उतरवून घेतो, वॉलेटच्या किल्ल्या ज्यांतून निघतात त्या बारा शब्दांचा मोबाइलवर फोटो काढतो, बॅकअप कधी तपासत नाही, आणि तेच पैसे घरच्या संगणकावर घालवून बसतो. तिथे तर तक्रार घेऊन जायला कार्यालयही नसते. म्हणून सल्ल्याचा उरलेला अर्धा भाग आपल्या वाचकांसमोर यावा, यासाठी हे पत्र. उदाहरण बिटकॉइनचे घेतले आहे, कारण संगणकावरच्या वॉलेटची सगळी मूळ तत्त्वे त्यात स्पष्ट दिसतात.

वॉलेटमध्ये नाणी नसतात, किल्ल्या असतात. कोणत्या पत्त्यावर (खाते क्रमांकासारखी अक्षरे-अंकांची ओळ) किती बिटकॉइन आहेत याची नोंद जगभरच्या हजारो संगणकांवर सारखीच असते. ती रक्कम पुढे पाठवायची तर त्या पत्त्याच्या खासगी किल्लीने व्यवहारावर सही करावी लागते. वॉलेट नावाचा प्रोग्राम किल्ल्या तयार करतो, जपतो आणि सही करून देतो, एवढेच. संगणक जळाला तरी किल्ली दुसरीकडे असेल तर काही बिघडत नाही. किल्ली गेली तर उत्तम संगणकही उपयोगाचा नाही. पुढचे सगळे यावरून ठरते.

पहिला निर्णय कोणता प्रोग्राम घ्यायचा हा. दोन ठळक पर्याय आहेत: बिटकॉइन कोअर आणि इलेक्ट्रम. बिटकॉइन कोअर हा पूर्ण नोड, म्हणजे बिटकॉइनच्या जाळ्यात स्वतः सहभागी होणारा प्रोग्राम आहे. ३ जानेवारी २००९ च्या पहिल्या ब्लॉकपासून (ब्लॉक म्हणजे व्यवहारांचा गठ्ठा) आजपर्यंतचा प्रत्येक व्यवहार तो स्वतः उतरवतो आणि स्वतः तपासतो, कोणावर विश्वास ठेवावा लागत नाही. याची किंमत जागेत आणि वेळात मोजावी लागते. ब्लॉकची ही साखळी आज ६०० जीबीच्या पुढे गेली आहे, त्यामुळे ५१२ जीबीच्या लॅपटॉपवर ती मावतच नाही. त्यावर ‘प्रून’ ही सोय आहे. तिच्यात तपासून झालेले जुने ब्लॉक पुसले जातात आणि ब्लॉकच्या फायलींची जागा अगदी ५५० एमबीपर्यंत खाली आणता येते. खर्च न झालेल्या रकमांची नोंदवही मात्र आणखी काही जीबी घेतेच. आणि प्रून केले तरी सुरुवातीला सगळी साखळी एकदा उतरवावीच लागते, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर हा उद्योग करू नये. घरच्या ब्रॉडबँडची महिन्याची डेटा मर्यादा आधी पाहून घ्यावी.

वेळ मुख्यतः डिस्कवर जातो. प्रत्येक व्यवहार तपासताना ती नोंदवही अस्ताव्यस्त क्रमाने वाचावी लागते. फिरत्या हार्ड डिस्कला हे झेपत नाही, आठवडेच्या आठवडे जातात. एसएसडी असेल तर काम दिवसांत आटोपते. मेमरी १६ जीबी असेल तर सेटिंगमधील डेटाबेस कॅश (मेमरीतली तात्पुरती साठवण) ४००० एमबी करावी, वेग लगेच वाढतो. मात्र यात एक मेख आहे. कॅशमध्ये साठलेले काम डिस्कवर उतरण्याआधी वीज गेली तर ते पुन्हा करावे लागते, आणि नेमके लिहिताना गेली तर डेटाबेसच बिघडू शकतो. मग प्रोग्राम रीइंडेक्स (सगळी साखळी पहिल्यापासून पुन्हा तपासणे) मागतो. पूर्ण साखळी डिस्कवर असेल तर ते घरच्या घरी होते. प्रून केलेले असेल तर सगळे ६०० जीबी पुन्हा उतरवावे लागतात. आपल्याकडच्या विजेचा लपंडाव पाहता डेस्कटॉपला यूपीएस जोडल्याशिवाय पहिले उतरवणे सुरूच करू नये. बंद करतानाही फाइल मेनूतून एक्झिट करून खिडकी आपोआप नाहीशी होईपर्यंत थांबावे. घाईने विंडोज बंद केले तर परिणाम वीज गेल्यासारखाच होतो.

बाहेरून येणाऱ्या जोडण्यांसाठी राउटरमध्ये ८३३३ हे पोर्ट उघडावे लागते का, असे बरेच जण विचारतात. वॉलेट वापरण्यापुरते लागत नाही. अनेक इंटरनेट कंपन्या घरगुती ग्राहकाला स्वतंत्र सार्वजनिक आयपी पत्ता देत नाहीत, तरीही कोअर स्वतःहून बाहेर १० जोडण्या करतो आणि त्याचे काम व्यवस्थित चालते.

कोअरबाबत सर्वात महत्त्वाची गोष्ट अशी की तो बारा शब्द देत नाही. त्याचा बॅकअप म्हणजे वॉलेटची फाइल, आणि तिची प्रत ‘फाइल’ मेनूतील ‘बॅकअप वॉलेट’ याच मार्गाने घ्यावी, चालू प्रोग्रामखालून फाइल उचलून नव्हे. २०१६ च्या आधीच्या आवृत्त्यांत किल्ल्या आगाऊ शंभराच्या गठ्ठ्याने तयार होत. तो गठ्ठा संपला की नव्या किल्ल्या जुन्या बॅकअपमध्ये नसत. त्यातच प्रत्येक खर्चानंतर उरलेली मोड नव्या पत्त्यावर जाते, म्हणजे न विचारताच किल्ल्या खर्ची पडत असत. त्या काळातली पेन ड्राइव्ह कोणाकडे असेल तर ती शेवटची प्रत आहे का, हे आधी ठरवावे. पासवर्ड लावल्यानंतरही ताजा बॅकअप घ्यावा, कारण पासवर्ड लावताना नव्या बीजावरून (किल्ल्या ज्यातून निघतात त्या मूळ गुपितावरून) नव्या किल्ल्या सुरू होतात. अशी जुनी फाइल प्रून केलेल्या नोडवर थेट उघडू नये. त्या काळचे ब्लॉक पुसलेले असल्याने प्रोग्राम जुने व्यवहार शोधू शकत नाही आणि पुन्हा सगळे उतरवायला सांगतो.

सामान्य गुंतवणूकदाराला मी इलेक्ट्रम सुचवेन. २०११ पासून चालत आलेला हा हलका प्रोग्राम आहे. साखळी उतरवत नाही, दूरच्या सर्व्हरकडून फक्त आपल्या पत्त्यांची माहिती मागवतो. म्हणून पाच मिनिटांत चालू होतो आणि जुन्या लॅपटॉपवरही चालतो. बदल्यात आपला आयपी पत्ता आणि आपले बिटकॉइन पत्ते त्या सर्व्हरला कळतात. पैसे तो नेऊ शकत नाही, कारण किल्ल्या आपल्याच संगणकावर असतात. पण गोपनीयता कमी होते, हे जाणून निवड करावी. इलेक्ट्रम फक्त बिटकॉइनसाठी आहे. इथेरियम किंवा यूएसडीटी त्यात ठेवता येत नाही.

आता उतरवणे. शोधयंत्रात नाव टाकून वर आलेल्या जाहिरातीवर टिचकी मारणे हा पैसे घालवण्याचा सर्वात सोपा मार्ग आहे. हुबेहूब दिसणारी बनावट संकेतस्थळे जाहिराती देतात. पत्ता स्वतः टंकून अधिकृत संकेतस्थळावर जावे आणि प्रोग्रामची फाइल व तिच्याशेजारची विकसकाच्या डिजिटल सहीची फाइल अशा दोन्ही उतरवाव्यात. विंडोजवर सही तपासायला जीपीजी४विन हे मोफत साधन आहे, त्यातच क्लिओपात्रा नावाची खिडकी मिळते. विकसकाची सार्वजनिक किल्ली (त्याची सही ओळखण्यासाठी सर्वांना दिलेली) तिच्यात आयात करायची आणि सहीची फाइल उघडायची. किल्लीची ओळखसंख्या मात्र दोन-तीन वेगळ्या ठिकाणी पडताळावी. केवळ हॅशचा, म्हणजे फाइलवरून निघणारा ठशासारखा आकडा जुळवून भागत नाही. संकेतस्थळच ताब्यात घेतलेला चोर फाइलबरोबर तिथला आकडाही बदलू शकतो, विकसकाची सही मात्र त्याला करता येत नाही.

इथे लोक एका सूचनेला घाबरतात. सही वैध आहे पण किल्ली प्रमाणित नाही, अशा अर्थाचे वाक्य दिसते. ते अपयश नव्हे. ती किल्ली आपण स्वतः अजून प्रमाणित केलेली नाही, एवढाच त्याचा अर्थ. सही अवैध किंवा ‘बॅड सिग्नेचर’ असे आले तर मात्र फाइल तत्काळ पुसावी. कधी कधी अँटिव्हायरस खऱ्या इलेक्ट्रमलाही संशयित ठरवतो, पण सही तपासण्याआधी अँटिव्हायरस बंद करणे म्हणजे दार उघडे टाकणे. आणि ज्या संगणकावर विंडोज, ऑफिस किंवा खेळ ‘क्रॅक’ करून टाकलेले आहेत, त्यावर वॉलेट बसवूच नये. अशा क्रॅकमधूनच क्लिपबोर्डवर लक्ष ठेवणारे प्रोग्राम येतात. आपण पत्ता कॉपी करतो आणि चिकटवताना तिथे चोराचा पत्ता उमटतो.

डिसेंबर २०१८ मध्ये इलेक्ट्रमच्या वापरकर्त्यांवर मोठा हल्ला झाला, तो समजून घेण्यासारखा आहे. चोरांनी स्वतःचे सर्व्हर जाळ्यात उभे केले. वापरकर्ता पैसे पाठवू लागला की त्यांचे सर्व्हर व्यवहार नाकारत आणि प्रोग्रामच्याच खिडकीत संदेश दाखवत: सुरक्षेसाठी अमुक पत्त्यावरून नवी आवृत्ती घ्या. ती आवृत्ती बनावट होती. ज्यांनी ती बसवली त्यांचे वॉलेट रिकामे झाले. ३.३.४ च्या आधीच्या आवृत्त्या या फसवणुकीला बळी पडू शकतात. म्हणून कपाटात पडलेल्या जुन्या लॅपटॉपवरचे जुने इलेक्ट्रम उघडून थेट व्यवहार करू नये. आधी नवी आवृत्ती स्वतः जाऊन आणावी, सही तपासावी, मग वॉलेट उघडावे. इलेक्ट्रम स्वतःहून काही उतरवून बसवत नाही. तसे करायला सांगणारी खिडकी कितीही खरी वाटली तरी तिच्यातल्या दुव्यावर जायचे नाही.

पहिल्यांदा उघडल्यावर स्टँडर्ड वॉलेट आणि नवे सीड तयार करा हे पर्याय घ्यावेत. बारा इंग्रजी शब्द समोर येतात, तेच हे सीड. वॉलेटमधली प्रत्येक किल्ली, आजची आणि पुढची, या बारा शब्दांतून निघते. ते कागदावर, क्रमांक घालून, बॉलपेनने लिहावेत. जेल पेनची शाई कोकणातल्या दमट हवेत पसरते. मोबाइलने फोटो काढू नये, कारण तो न विचारता क्लाउडवर जाऊ शकतो. स्वतःलाच व्हॉट्सॲप किंवा ईमेल करू नये, प्रिंटरवरही छापू नये. शब्द इंग्रजी लिपीतच लिहावेत, देवनागरीत नव्हे. ‘पीस’ असे लिहून ठेवले तर तो शांततेचा की तुकड्याचा, हे पाच वर्षांनी कोण सांगणार? हे शब्द ज्या ठरावीक यादीतून येतात तिच्यात दोन्ही आहेत. ‘वेअर’चेही तसेच.

यानंतर पासवर्ड विचारला जातो. तो फक्त या संगणकावरच्या फाइलला लावलेले कुलूप आहे. पासवर्ड विसरलात तर बारा शब्दांवरून वॉलेट पुन्हा उभे राहते. शब्द हरवले आणि संगणकही गेला तर पासवर्ड आठवून काही होत नाही. सीडला स्वतःचे जादा शब्द जोडण्याचा पर्यायही असतो. तो नवख्याने घेऊ नये. त्यात एक अक्षर चुकले तरी प्रोग्राम चूक दाखवत नाही, वेगळेच आणि रिकामे वॉलेट उघडतो. माणसाला वाटते पैसे चोरीला गेले.

आता या पत्राचा खरा मुद्दा. बारा शब्द लिहून झाले म्हणजे वॉलेट बसवून झाले, असे समजतात. तसे नाही. त्या कागदावरून ते परत उभे करून पाहिल्याशिवाय त्यात एक रुपयाही टाकू नये. पद्धत सोपी आहे. व्ह्यू मेनूतून पत्त्यांचा टॅब चालू करावा आणि पहिला पत्ता कागदावर उतरवून घ्यावा. प्रोग्राम बंद करावा. विंडोजमध्ये ॲपडेटा, त्यात रोमिंग, त्यात इलेक्ट्रम, त्यात वॉलेट्स या फोल्डरमधली फाइल पुसावी. वॉलेट अजून रिकामे असल्याने नुकसान काहीच नाही. पुन्हा इलेक्ट्रम उघडून ‘माझ्याकडे सीड आहे’ हा पर्याय घ्यावा आणि कागद पाहून शब्द भरावेत. पहिला पत्ता अक्षरन् अक्षर तोच आला तर कागद बरोबर आहे. शब्द भरूनही पुढे जाण्याचे बटण उजळत नसेल तर एखादा शब्द किंवा क्रम चुकला आहे. ही चूक आज सापडली तर नवे वॉलेट करून सुटते, दोन वर्षांनी सापडली तर काहीच सुटत नाही. त्यानंतर छोटी रक्कम मागवावी, आणि त्यातली थोडी परत बाहेर पाठवूनही पाहावी. पैसे येतात म्हणून जातीलच असे गृहीत धरू नये.

इथेच आणखी एक गोंधळ होतो. इलेक्ट्रमचे बारा शब्द आणि इतर बहुतेक वॉलेटचे बारा शब्द दिसायला सारखे असले तरी त्यांची रचना वेगळी आहे. इलेक्ट्रमचे शब्द दुसऱ्या वॉलेटमध्ये टाकले तर ते बहुधा अवैध ठरतात. उलट दुसऱ्या वॉलेटचे शब्द इलेक्ट्रममध्ये आणताना पर्यायांत बीआयपी३९ (त्या इतर वॉलेटची शब्दपद्धत) ही खूण करावी लागते आणि पत्त्याचा प्रकारही बरोबर निवडावा लागतो: १ ने सुरू होणारे, ३ ने सुरू होणारे की बीसी१ ने. प्रकार चुकला तर शिल्लक शून्य दिसते, पैसे मात्र जागच्या जागी असतात. म्हणून कागदावर शब्दांखाली वॉलेटचे नाव, पत्त्याचा प्रकार आणि तारीख लिहिलीच पाहिजे.

शिल्लक कमी दिसण्याचे दुसरे कारण म्हणजे वीस पत्त्यांची मर्यादा. शब्दांवरून वॉलेट उभे करताना इलेक्ट्रम ओळीने वीस पत्ते न वापरलेले सापडले की शोध थांबवतो. ज्याने भराभर पत्ते तयार केले आणि तिसाव्यावर पैसे घेतले, त्याला ते दिसणार नाहीत. कन्सोलमधून (आज्ञा टंकण्याच्या टॅबमधून) ही मर्यादा वाढवली की रक्कम परत दिसते.

पाठवताना शुल्क रकमेवर नव्हे, व्यवहाराच्या आकारावर लागते. एका आवकेतून (आपल्याकडे आलेल्या एका रकमेतून) पैसे देऊन मोड परत घेणारा बीसी१ प्रकारचा साधा व्यवहार सुमारे १४१ व्हर्च्युअल बाइटचा (शुल्कासाठी आकार मोजण्याचे एकक) असतो. दर बाइटला १० सातोशी असेल तर शुल्क सुमारे १,४१० सातोशी होते. एका बिटकॉइनचे दहा कोटी सातोशी. पण दर आठवड्याला थोडे थोडे मागवून पन्नास छोट्या आवका साठवल्या असतील तर प्रत्येक आवक सुमारे ६८ बाइट वाढवते आणि तोच व्यवहार साडेतीन हजार बाइटच्या घरात जातो. गर्दीत दर किती चढतात हे २० एप्रिल २०२४ च्या हाल्व्हिंगच्या (नव्या बिटकॉइनचा पुरवठा निम्मा होण्याच्या) दिवशी सगळ्यांनी पाहिले. तेव्हा एक्स्चेंजवरून दर आठवड्याला काढण्यापेक्षा महिन्या-दोन महिन्यांनी एकदा काढलेले बरे. कमी शुल्कामुळे व्यवहार अडकला तर घाबरू नये. हिस्टरीत त्यावर उजवी टिचकी मारून शुल्क वाढवता येते. आपल्याकडे येणारा व्यवहार अडकला असेल तर येणारी रक्कम जादा शुल्काने स्वतःलाच पुढे पाठवून दोन्ही व्यवहार एकत्र ओढून घेता येतात. काहीच केले नाही तरी साधारण दोन आठवड्यांनी बहुतेक नोड तो व्यवहार विसरतात आणि रक्कम पाठवणाऱ्याकडे पुन्हा मोकळी होते.

इलेक्ट्रमच्या कोपऱ्यातला ठिपका लाल राहिला तर सर्व्हरशी जोडणी नाही. कार्यालयातल्या किंवा कॉलेजच्या नेटवर्कवर ५०००२ हे पोर्ट अडवलेले असू शकते. घरच्या जोडणीवर पाहावे. दुसरे कारण कोणाच्या मनातही येत नाही, ते म्हणजे संगणकाचे घड्याळ. जुन्या डेस्कटॉपच्या मदरबोर्डवरची सीआर२०३२ बॅटरी संपली की प्रत्येक वेळी तारीख मागे जाते, सुरक्षा प्रमाणपत्रे अवैध वाटू लागतात आणि जोडणी नाकारली जाते. कोअरमध्ये तर घड्याळ दोन तासांहून अधिक मागे असेल तर नवे ब्लॉक ‘भविष्यातले’ ठरून नाकारले जातात आणि नोड एका जागी अडून बसतो. एका स्वस्त बॅटरीचे काम असते, लोक विंडोज नव्याने टाकत बसतात.

कराच्या दृष्टीने एक काम पहिल्या दिवसापासून करावे. १ एप्रिल २०२२ पासून अशा मालमत्तेच्या विक्रीतील नफ्यावर ३० टक्के कर आहे, आणि खरेदीची किंमत सोडून दुसरा कोणताही खर्च वजा मिळत नाही. म्हणजे विक्रीच्या वेळी खरेदीची किंमत दाखवता आली पाहिजे. इलेक्ट्रममध्ये प्रत्येक आवकेला लेबल देता येते: कधी घेतले, कोणत्या भावाने, किती टीडीएस कापला. पण ही लेबले बारा शब्दांत नसतात. शब्दांवरून वॉलेट परत आणले की रक्कम येते, लेबले येत नाहीत. त्यांची वेगळी फाइल काढून एक्स्चेंजच्या विवरणपत्रांबरोबर जपावी.

रक्कम मोठी असेल तर किल्ल्या इंटरनेटला जोडलेल्या संगणकावर ठेवूच नयेत. हार्डवेअर वॉलेट (किल्ल्या स्वतःत जपणारे छोटे वेगळे उपकरण) घ्यावे, नाहीतर कायम जाळ्याबाहेर ठेवलेल्या जुन्या लॅपटॉपवर सही करून पेन ड्राइव्हने व्यवहार आणावा. इलेक्ट्रममध्ये दोन्ही जमते. बारा शब्द कोणाला सांगायचे नाहीत, ‘रिकव्हरी’ करून देणाऱ्या टेलिग्रामवरच्या तज्ज्ञाला तर मुळीच नाही. खऱ्या मदतीसाठी कोणालाही ते शब्द लागत नाहीत. ते मागणारा चोरच असतो, आणि फसवणूक झालीच तर १९३० या सायबर मदत क्रमांकावर त्याच दिवशी कळवावे.

शेवटी घरच्यांबद्दल. बँकेच्या खात्याला नॉमिनी असतो, वॉलेटला नसतो. वारसा प्रमाणपत्र आणले तरी बिटकॉइनचे जाळे ते वाचत नाही. शब्दांचा कागद बँकेच्या लॉकरमध्ये असेल तर त्याच्यासोबत दुसरा कागद हवा: हे काय आहे, कोणत्या प्रोग्रामात भरायचे, अधिकृत संकेतस्थळ कोणते, पहिला पत्ता काय दिसला पाहिजे, आणि ओळखीतल्या कोणाला विचारायचे. तो पत्नीला, पतीला किंवा मुलांना आपल्यासमोर वाचायला द्यावा आणि रिकाम्या वॉलेटवर एकदा त्यांच्याच हातून सगळे करून घ्यावे. जिथे ते अडतील तिथे कागद सुधारावा. आपल्या सदरांतून यापुढे ‘स्वतःच्या वॉलेटमध्ये ठेवा’ असे छापले जाईल, तेव्हा वॉलेट परत उभे करून पाहण्याची आणि या दुसऱ्या कागदाची सूचनाही त्याच चौकटीत छापावी, ही विनंती.

कळावे,
आपला नियमित वाचक